पावर म्हंजे

सीपीआरच्या समोर, जुन्या कोर्टाच्या भिंतीला
माझं टेबल. मराठी टाइपरायटर,
त्यातली 'ज्ञ'ची काडी वाकडी,
म्हणून माझं प्रत्येक प्रतिज्ञापत्र
एका पायानं लंगडत निघतं.

चौगुल्यांच्या यमुताई, मुक्काम सांगरूळ, वय अंदाजे बहात्तर,
पुतण्याच्या मागून आल्या, चप्पल काढून उभ्या राहिल्या
फुटपाथवर.
पुतण्या म्हणाला, "पावर करायचीय. जनरल.
जरा उरका, चारला साहेब उठतोय."

मी सुरू केलं. मला हे झोपेतही येतं:
सदर मिळकत विकणे, गहाण देणे, खातेफोड करणे,
विहिरीवरील मोटरीचे वीज कनेक्शन नावे करून घेणे,
माझ्या वतीने सही करणे, कबुली देणे, रक्कम स्वीकारणे...
एका बाईची क्रियापदं
मी एकेक करून दुसऱ्याच्या खिशात भरत होतो.

"पावर म्हंजे काय वो?"

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"काकू, पावर म्हंजे पावर," पुतण्या हसला.
"माज्या चष्म्याची वाढलीया, ती?"
"न्हवं."
"मोटर पाच पावरची हाय, ती?"
"ती न्हवं गं."
"मग तुजा दोस्त सोसायटीत निवडून आला
तवापास्नं वळख देत न्हाई, ती?"
"ती... तसलीच जरा."

ड्रॉवरमध्ये हुद्दार सरांची डिक्शनरी आहे.
शेजारच्या टेबलावर बसून ते लोकांचे इंग्रजी अर्ज लिहीत;
गेले तेव्हा छत्री घरच्यांनी नेली, हे पुस्तक राहिलं.
वाळवीनं 'क्यू'पासून पुढचं खाल्लंय.
'पी' शाबूत.

इंग्रजीत आला फ्रेंचांकडून, त्यांच्याकडं लॅटिनमधून,
आणि तळाशी, सगळी कवचं सोलल्यावर,
एवढंच: शकणे.
राज्य नाही, तलवार नाही, लाल दिवा नाही.
समासात सरांची पेन्सिल:
'आपली शक्तीही शक् धातूचीच.
सत्ता मात्र सत्, म्हणजे असणे.
असणं वेगळं, शकणं वेगळं.'

मी यमुताईंना म्हटलं, "शकणं. पावर म्हंजे शकणं."

त्या बघत राहिल्या.
"म्हंजे मी शकतो?"

आमच्याकडच्या बायका 'मी शकतो'च म्हणतात.
माझ्या पोरीनं निबंधात असंच लिहिलं,
तर पुण्याच्या बाईंनी लाल गोल केला.
तो गोल अजून आमच्या कपाटात आहे, वहीसकट.

"काय शकतो?" त्यांनी पुन्हा विचारलं,
आणि मी अडलो. हे क्रियापद
एकटं उभंच राहत नाही,
त्याला पुढं कुणीतरी लागतं चालायला:
विकू शकतो. देऊ शकतो. जाऊ शकतो.
पुढची सगळी तर मी नुकतीच
कागदावर काढून ठेवलेली.

तेवढ्यात आतल्या खोलीतले पंखे थांबले.
शिपाई दारात येऊन ओरडला, "पावर गेली! उद्या या!"
"कुटं गेली?" यमुताई म्हणाल्या,
आणि स्टँपवाल्या बोडक्यांपासून चहाच्या पोरापर्यंत
सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.
त्यांना खरंच पत्ता हवा होता.

पुतण्या फोनवर कुणाला तरी उद्याचं सांगत होता.
यमुताईंनी यंत्रातल्या कागदाच्या कडेला बोट लावलं,
ओला आहे का बघावं तसं.
"अर्द्या कागदाचं किती?"
"राहू दे."
"र्‍हाऊ कसं? तुमचा हात चालला न्हवं."
कनवटीची वीसची नोट, हळदीचा डाग असलेली,
'ज्ञ'च्या वाकड्या काडीखाली ठेवली.

गाडीला किक मारून तो म्हणाला, "बस मागं."
त्या चप्पल घालत होत्या, सावकाश, आधी डावी.
"न्हाई," म्हणाल्या.
"रंकाळ्यावर सांगरूळची यष्टी मिळती.
मी जातो."